ब्रेकच्या खुणा

इडवल सायकल चालवत नाही.
दोन हिवाळे त्याने ही वाट कोरली
ओकच्या रानातून, डवी नदीच्या उतारावर;
पोरं ती अकरा मिनिटांत संपवतात.

सोमवारी, सगळे गेल्यावर,
तो पायी चढतो, खोरं खांद्यावर.
(खाली नदीचंही खोरंच,
पण हा शब्द माझा, त्याला ठाऊक नाही.)
चढतो आणि चिखल वाचतो.
इथे कुणी घाबरलं.
इथे, नेच्यांत, कुणी सायकलसकट आडवं झालं,
हसलंही असावं: शेजारी अर्धं सफरचंद.

तिसऱ्या वळणावरची मुळी
छाटून टाक, म्हणाले होते सगळे.
झाड आधी आलंय, म्हणाला.

मारेद तिथे दरवेळी ब्रेक दाबायची.
रुंद, ओरखडलेली खूण,
पाटीवर खडू मोडावा तशी.

आज मुळीच्या अलीकडे एक बारीक रेघ,
पलीकडे तीच रेघ,
मधे हातभर कोरी माती.

इडवल खोरं टेकवून उभा.
नदीपार मेंढ्या, टेकडीमागे टेकडी,
कुणाचा तरी ट्रॅक्टर.
तुंबलेल्या पाण्याला चर काढायचा राहिलाय.
राहू दे.
वाट सोडून
तो नेच्यांतून, कडेकडेने उतरतो.