वरचं सप्तक

कातोवित्सेत, खाणकामगारांच्या जुन्या वाचनालयात
आम्ही तीन दिवसांसाठी माइक लावले.
हीटर बंद. तो मध्येच खोकतो.
म्हणून यागना बोटं कापलेले लोकरी मोजे घालून पियानोशी
आणि तेओफिल कोटासकट,
आजाऱ्याला उठवून बसवावं तसा
डबल बास खांद्याशी धरून.

कागदावर काही नव्हतं.
एक धून होती, तीही अर्धी,
तिला कुठूनतरी आठवलेली.
घरी येऊन टेबलावर किल्ल्या ठेवाव्यात
तशी ती ठेवायची.
तो बराच वेळ काही उचलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काचेआड माझ्याकडे आला.
चहात लिंबू पिळत म्हणाला,
"हुबर्ट, वरचं सप्तक गेल्या हिवाळ्यापासून
मला ऐकू येत नाही.
फक्त पट्टी खाली आपटल्याची टकटक.
तिला सांगू नकोस."

नाही सांगितलं.

मग सहावा टेक.
यागना चढत चढत अगदी उजव्या कडेला गेली,
जिथे स्वर विरळ होतो
आणि नुसतं लाकूड बोलायला लागतं.
माझ्या हेडफोनमध्ये बारीक काचा सांडल्या.
त्याच्याकडे त्यातलं काय पोचलं असेल?
त्याने तारेवरून हात काढला,
रस्ता ओलांडणाऱ्या पोरावर लक्ष ठेवावं
तसा तिच्या करंगळीकडे बघत राहिला.
करंगळी थांबली, उठली.
तेव्हा कुठे त्याने मंद्रात एकच स्वर ठेवला,
तोच,
पाच मजले खाली, तिच्या पायाखाली.

कानाडोळा म्हणजे दुर्लक्ष, असं कोण म्हणतं?
मी सत्तर वर्षांच्या एका माणसाला
डोळ्याचा कान करताना पाहिलंय.
श्वाससुद्धा तो तिच्या मनगटावरून मोजत होता.

टेक संपला. कुणी बोललं नाही.
बाहेर ट्राम वळली,
ती जाईपर्यंत आम्ही थांबलो.

यागना उठली.
कोपऱ्यातला उभा दिवा वायरसकट ओढत आणला,
पियानोच्या उजव्या टोकाशी ठेवला,
मान वाकवून नेमका शेवटच्या पट्ट्यांवर पाडला.
हातातले मोजे काढून खिशात कोंबले.
आत थर्मामीटर नऊवर होता.

"इथे मला नीट दिसत नाहीये," ती म्हणाली,
जी तीस वर्षं
डोळे मिटून वाजवत आली आहे.