तहकुबीचा अर्धा तास

साडेचारची सभा. गणपूर्तीला एकवीस लागतात,
आलेत तेरा. त्यातले दोघे
जिन्याखालीच थांबलेत, गुडघ्यांमुळे.
त्यांना धरायचं की नाही, म्हणून
हिंदळेकर अध्यक्षांनी घटना उघडली.
घटनेत गुडघ्यांचा उल्लेख नाही.

सभा तहकूब. अर्ध्या तासाने, याच जागी,
गणपूर्तीची अट न ठेवता.
गेली एकोणीस वर्षं असंच.

वागळे इस्टेट, खाली पावडर कोटिंगचं युनिट,
वर आम्ही: आरेखक साहाय्यक मंडळ,
नोंदणी एकाहत्तरची, शिक्क्यावर टी-स्क्वेअर आणि कमळ.
मी ट्रेसर होते. बायकांना टेबल मिळायचं, नकाशा नाही;
पुरुषांच्या पेन्सिलीवरून शाई फिरवायची,
चूक दिसली तरी चुकीवरूनच.
एप्रिलपासून मी खजिनदार.

वडे आलेत. तीनशे चाळीस रुपये, किरकोळ खर्च.
ताळेबंद मांडीवर घेऊन बसले आहे.
डाव्या बाजूला: शिष्यवृत्ती कायम निधी, सहा लाख दहा हजार.
उजवीकडे त्याच्या नावाची ठेव शोधते.
दोन लाख पाच हजार सापडतात.
बाकीचे ‘इतर येणी’.
येणी कोणाकडून? आमच्याकडूनच.
मंडळ मंडळाचं देणं लागतं
आणि वसुलीला कोणी जात नाही.

कोणी खाल्ले असते तर सोपं होतं.
एक नाव असतं, धर्मादाय आयुक्तांकडे एक अर्ज असता,
आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला उभे राहिलो असतो.
पण देवरुखकरांनी सचिव म्हणून अठरा वर्षं
रिक्षाभाडंसुद्धा घेतलं नाही.
पैसे गेले शिपायाच्या पगारात, गळक्या पत्र्यात,
सत्काराच्या शालींत (एकोणऐंशी, मी मोजल्या),
आणि एकशेवीसची वर्गणी दीडशे करायला
दरवर्षी कोणाला तरी संकोच वाटला, त्या संकोचात.
आजीव सभासदत्व पाचशे एक रुपये.
ते पाचशे एक त्याच साली संपले,
माणसं मात्र आजीव राहिली, टिच्चून.
नाहीतर राहिली नाहीत, आणि ते आम्हाला कळलं नाही:
उकिडव्यांची नोटीस परत आली, वर पोस्टमनचं अक्षर,
‘मयत. गेल्या वर्षीही लिहिलं होतं.’

आम्हाला शिकवलं होतं,
जी कड समोरून दिसत नाही, पण आहे,
ती तुटक रेषेने दाखवायची.
सोडलीत, तर यंत्रावरचा माणूस
पोकळाला भरीव समजेल
आणि भार नेमका तिथे ठेवेल.

पाच वाजले. विषय क्रमांक चार, जमाखर्च.
हिंदळेकर म्हणाले, “वाचलाय सगळ्यांनी, तेव्हा एकमताने—”
मी उभी राहिले. अर्धा वडा हातात तसाच.
चार लाख पाच हजार, म्हटलं,
आणि परत एकदा म्हटलं, कारण खाली कॉम्प्रेसर सुरू झाला होता.

देवरुखकर चष्मा पुसत राहिले.
“म्हणजे मी चोर?”
“नाही. असता, तर कोणीतरी हिशेब बघितला असता.”

यावर कोणी काही बोललं नाही.
वर्गणी वाढवायचा ठराव पुढच्या सभेवर गेला.
जमाखर्च मंजूर झाला.
इतिवृत्तात मी स्वतः लिहिलं:
बाजूने नऊ. विरोधात एक, खजिनदार.
तटस्थ एक. तिथे नाव घालू का, विचारलं.
“घाला,” देवरुखकर म्हणाले.

जिन्याखाली मढवी बसले होते.
“वर काय झालं?”
सांगितलं. त्यांनी खिशातून रबर लावलेल्या नोटा काढल्या.
अकरा वर्षांची थकबाकी, तेराशे वीस.
तेराशे निघाले. सुट्टे नव्हते.
पावतीपुस्तक पायरीवर ठेवून
मी पेन जोरात दाबलं, खालच्या प्रतीवर उमटावं म्हणून.
वीस रुपये बाकी,
तेही लिहिलं.