उसवायचे पैसे वेगळे

कुतैसीत रात्रीचे साडेअकरा.
रॉटरडॅमहून योस्ट विचारतो, तासाचा दर काय?
खाली एक हसरा चेहरा
आणि "अ‍ॅप तसं साधंच आहे."
कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या दुकानांसाठी:
वेळ ठरवायची, पैसे भरायचे,
आणि कुत्रं धुऊन झालं
की मालकाच्या खिशात फोन थरथरला पाहिजे.

साधंच.
हा शब्द मी नऊ वर्षं ऐकतेय.

पंचवीस लिहिते. युरो.
खोडते.
पंचवीस म्हणजे गेल्या वर्षीची इर्मा,
जी पोलंडच्या औषधवाल्याला "चालेल" म्हणाली
आणि डिसेंबरभर त्याच्या एका बटणाचा हिरवा रंग
कधी पुदिन्याचा, कधी शेवाळाचा
करत बसली, फुकट.

चाळीस लिहिते.
चाळीस दुसऱ्याच्या कोटासारखा दिसतो,
खांद्यांवरून ओघळणारा.

मग पाठकोऱ्या वीजबिलावर हिशेब.
तीन फोन, नुसते चाचणीचे, ज्यांवर कुणाचाच फोन येत नाही.
सांद्रोच्या दातांची तार.
कर.
फेब्रुवारीतले ते तीन आठवडे
ज्यांत कुणी काहीच विचारलं नाही,
ते कुणाच्या बिलात घालायचे?
आणि टबात बसल्या बसल्या सुटलेला गुंता,
डोळ्यांत साबण आणि अचानक कळतं
की चूक तारखेत नाहीच, टाइमझोनमध्ये आहे,
तो वेळ तासांत धरायचा का?
पाणी गार झालेलं असतं, एवढाच त्याचा पुरावा.

तळमजल्यावर त्सिआला शिवणकाम करते.
तिच्या दारावर खडूने लिहिलेले दर:
पँट आखूड करणे, चेन बदलणे,
आणि शेवटी, खाली रेघ ओढून,
दुसऱ्याने शिवलेलं उसवायचे दुप्पट.
एकदा विचारलं होतं, दुप्पट का गं?
तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाली,
"शिवताना मी कापडाशी बोलते.
उसवताना आधीच्या माणसाचं
सगळं ऐकून घ्यावं लागतं."

योस्टकडेही आधीच्या माणसाचं काम आहे.
"ऐंशी टक्के झालंय," तो लिहितो.
मी उघडून पाहिलंय.
सात हजार ओळी, टिपण एकच:
हे का चालतं ठाऊक नाही, हात लावू नका.
तोही असाच बसला असेल कुठेतरी,
पंधराच्या दराने, घाईत, पेंगत.
मला त्याचा राग येत नाही.
ओळीओळीत त्याचा दर दिसतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय.
पण मुठीने टाइप करता येत नाही.

अठ्ठेचाळीस.
उसवायचे वेगळे.
पाठवते. फोन उपडा ठेवते,
लगेच सुलटा करते.

चौथ्या मिनिटाला उत्तर:
"छान. सोमवारी सुरू करू या."
एक प्रश्न नाही. घासाघीस नाही.
सांद्रोला सांगायला त्याच्या खोलीपर्यंत जाते,
तो झोपलाय, भिंतीकडे तोंड करून.
तिथेच अंधारात, कडीवर हात,
आणि आतून कुणीतरी हळूच:
साठ म्हणायला हवं होतं.

पहाटेपर्यंत साठ, साठ.

सकाळी कोट घेऊन खाली गेले. अस्तर फाटलंय.
त्सिआलाने उलटसुलट करून पाहिला,
जुन्या टाक्यांवरून नख फिरवलं,
"बावीस लारी."
पाकीट हातातच होतं. देणारच होते.
मग थांबले,
आणि मुद्दाम म्हणाले, फार होतात हं, त्सिआला.
निदान तिला तरी
रात्री नीट झोप लागावी.

तिने चष्म्यावरून पाहिलं.
एक तेत्रीही कमी केली नाही.