दोन वर्षांची दुपार

झोंबाच्या बाजारात, मीठवाल्याच्या ओसरीवर
स्टोनार्ड काचिंग्वेंचं पायमशीन.
मी त्यांच्याकडे काजं करायला होतो, चौदाव्या वर्षी.
नेढ्यात दोरा ओवायचा तो मी,
बाकी सगळं त्यांचं.

गिऱ्हाईक नसलं की ते झेंडे शिवत.
वर काळा पट्टा : माणसं.
मधे लाल : त्यांचं सांडलेलं.
खाली हिरवा : ज्यावर सांडलं ते.
आणि काळ्याच्या तळाशी, लालवर टेकून,
अर्धा लाल सूर्य, एकतीस किरणांचा.

एकतीसच का? मी विचारलं.
आपल्याआधी तीस देश सुटले, म्हणाले,
आपण एकतिसावे.
रांगेची सवय तेव्हापासूनची.

एक गोल कातरला की दोन सूर्य निघायचे.
एक पोलीसचौकीला जायचा, एक थोंडवेच्या शाळेला.
चिंधी वाया जायची नाही.

मग राजधानीत ठरलं की दुपार झाली.
लाल वर गेला, काळा मधे आला,
सूर्य पुरा, पांढरा, मधोमध,
किरण पंचेचाळीस.
पहाट संपली, आपण बरेच पुढे आलो,
रेडिओवर कुणीतरी घसा साफ करून सांगितलं.
स्टोनार्ड उठले, रस्त्याच्या मधोमध गेले,
कपाळावर हात धरून वर पाहिलं.
परत येऊन म्हणाले,
कापड दुप्पट लागेल.

त्या दोन वर्षांत पंपावर डिझेल नव्हतं.
माणसं रिकाम्या कॅनवर डोकं टेकून
रांगेतच झोपायची.
वीज संध्याकाळी जायची ती जायचीच.
पायमशीनला तिचं काय!
रॉकेलच्या चिमणीपाशी बसून
आम्ही भरदुपार शिवत होतो.

एनेलेस, त्यांची बायको, शेजारीच
सुकी उसिपा विकायची, वाटीच्या मापाने.
एकदा पांढरा गोल हातात घेऊन तिने उलटसुलट केला.
हा न्सिमाचा गोळा असता, म्हणाली,
तर इतका उंच टांगला नसता.

शाळेचे हेडमास्तर आले, आवाज खाली आणून म्हणाले,
जुना एखादा शिल्लक आहे का?
पोरांना मी पहाटच शिकवलीय.
आता कुठल्या तोंडाने सांगू, ती होऊन गेली,
आणि तुम्ही झोपला होतात?
पेटीच्या तळातून स्टोनार्डनी एक काढून दिला.
पैसे घेतले. ते घेतच.

आणि एका मे महिन्यात दुपार रद्द झाली.
मतं पडली, सूर्य पुन्हा अर्ध्यावर आला,
पट्टे आपापल्या जागी.
आमच्याकडे तेवीस पांढरे सूर्य उरले,
कातरलेले, न विकलेले,
पंचेचाळीस-पंचेचाळीस दातांचे.

कापड फेकायचं नसतं.
शाळेच्या चड्ड्यांना त्यांनी त्याचे खिसे लावले.
त्या वर्षी झोंबातली पोरं
मध्यान्ह खिशात घालून हिंडली,
त्यात गोट्या, आंब्याच्या कोया, एखादा जिवंत टोळ.

एकदा मी विचारलंच :
अर्धा सूर्य उगवतोय की बुडतोय,
बघणाऱ्याला कळणार कसं?
त्यांनी टीप संपवली, दोरा दाताने तोडला.
पोस्टापुढे उभा राहा, म्हणाले.
चिल्वा तळ्याच्या अंगाने मागे बघ, उगवतो.
वळून डोंगराच्या अंगाने बघ...
पुढचं बोलले नाहीत.
झोंबात डोंगर ऊन लवकर गिळतो,
चारलाच ओसरीवर सावली येते.

उगवत्याला हात जोडणारे पुष्कळ.
त्याला शिवणारा एखादाच,
आणि त्याच्याही बोटाला टोपण लागतं.

माझ्या चड्डीच्या डाव्या खिशाची शिवण उसवली,
तेव्हा एक पांढरा दात बाहेर आला.
मी तो आत दाबला
आणि मशीनला तेल घालायला उठलो.