जमेची बाजू

पहिल्या पानावर काकांची घोडी आहे.
नारीनच्या गुरांच्या बाजारात, रविवारी पहाटे,
गिऱ्हाइकानं तिचे दात मोजले, काकांनी नोटा.
एक लाख दहा हजार सोम.
त्यातले सहाशे त्यांनी ठेवून घेतले :
जाताना घोडीवर गेले होते,
येताना टॅक्सी करावी लागली.

मी बेगाइमची धाकटी बहीण.
सिनेमा तिचा, वही माझी.

दुसऱ्या पानावर मॉस्कोत टॅक्सी चालवणारा मावसभाऊ,
दर शुक्रवारी थोडे थोडे.
एक शुक्रवार कोरा. त्या रात्री त्याला पोलिसांनी बसवून ठेवलं होतं.
त्याखाली काराकोलचा दंतवैद्य : तीस हजार.
अट एवढीच, की त्याची मुलगी एका प्रसंगात दिसावी,
निळ्या कोटात.
बेगाइम म्हणाली, साडेतीन हजार मीटरवर, एवढ्या बर्फात,
ही मुलगी येणार कुठून?
मी म्हटलं, तीस हजारांतून येईल.

सिनेमा एका हवामान-निरीक्षकाचा.
खिंडीतल्या ठाण्यावर एकटा माणूस, दर तीन तासांनी
पारा, वारा, बर्फाची उंची टिपून ठेवणारा.
पैसेवाले विचारायचे, आणि मग?
बेगाइम म्हणायची, मग तीन तासांनी पुन्हा.
आमचा चहा तिथंच संपायचा.

भूमिकेला मिळाला कुबानिच.
बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवायचा, ती बंद झाल्यापासून घरीच.
शूटिंगआधी महिनाभर तो वर जाऊन राहिला सुयुम-आपाकडे,
तिचा नवरा सव्वीस वर्षं त्या ठाण्यावर होता.
पहिल्या दिवशी कुबानिच बर्फाकडे बघत उभा राहिला,
डोळे बारीक करून, दूरवर,
पडद्यावर उभे राहतात तसा.
आपा दारातून ओरडली, तिकडे काय ठेवलंय?
आमचा माणूस कधी डोंगराकडे बघायचा नाही.
घड्याळाकडे बघायचा.
पेन्सिल दातांत, हात बगलेत.

मग महिनाभर त्यानं अभिनय केला नाही, नोंदी केल्या.
रात्री तीनला उठायचा, परत यायचा,
आपा अंथरुणातूनच विचारायची, किती?
उणे एकतीस.
हं, म्हणून ती कूस बदलायची.
एकदा त्यानं आळस केला, पांघरुणातूनच आकडा ठोकून दिला.
ती उठून बसली.
म्हणाली, दार वाजलं नाही.

पैसे अकराव्या दिवशी संपले.
तोवर जनरेटर दोनदा रुसला,
ध्वनिमुद्रण करणारं पोर तापानं फणफणलं,
आणि दंतवैद्याची मुलगी आली, निळ्या कोटात,
थंडीनं खरीखुरी रडली.
सगळ्या सिनेमात तोच शॉट सगळ्यात देखणा निघाला.
बेगाइम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाराव्या दिवशी कॅमेरा भाड्याच्या दुकानात परत.
शेवटचा प्रसंग राहून गेला :
निरीक्षक ठाणं सोडून खाली उतरतो, तो.
वसंतात करू, बेगाइम म्हणते.
खर्चाची पानं भरलीत,
मी आता मागच्या पुठ्ठ्यावर लिहिते.

काल कुबानिचच्या बायकोचा फोन आला, आवाज दबका.
तुमचं ते काम संपलंय ना?
कारण हा रात्री तीनला उठतो,
पाचव्या मजल्याच्या गॅलरीत जातो,
परत येऊन काहीतरी पुटपुटतो.
काय पुटपुटतो?
आकडे.
मी विचारलं, खरे असतात का?
थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली,
दार तर वाजतं.

फोन ठेवून वही काढली.
हे कोणत्या रकान्यात घालायचं सुचेना.
त्याचे अठरा हजार अजून द्यायचेत,
तेवढं मात्र पुठ्ठ्यावर पुन्हा एकदा लिहिलं,
पेन्सिलीनं, जरा दाबून.