राखेवर हात

पुस्तकात पान चोवीसवर होतं:
चूल तंबूपासून पंधरा पावलं दूर मांडावी.
म्हणून मी पावलं मोजत होते, मोठ्यानं,
धारूरच्या डोंगरात, पाझर तलावाच्या वरच्या अंगाला.
माघातलं कुसळ साडीच्या काठात रुतत होतं
आणि बावीस मुली रांगेत उभ्या राहून
माझ्याबरोबर आकडे म्हणत होत्या.

एकवीस. दैवशाला तिडके रांगेत नव्हती.
सातवी ब, हंगामी वसतिगृह.
ती चिमूटभर माती हवेत सोडून
कुठं जाते ते बघत होती.
"पंधरा ऱ्हाऊ द्या बाई. वारं तंबूकडंच चाललंय.
पन्नास पावलं गेलात तरी ठिणगी मागं येतीच."

तंबूला वळसा घालून आम्ही पलीकडं गेलो,
जिकडून धूर आपला आपण निघून जाईल.
यादीप्रमाणे मी एक खुरपं आणलं होतं,
त्यात चौघींचे हात आणि एक मोडकी पळी.
गवत मुळासकट काढलं, गाडीच्या चाकाएवढं,
"अजून," ती म्हणाली. दोन चाकं.
खाली तांबूस मुरूम उघडा पडला.

आम्रपालीनं ओढ्यातून तीन धोंडे आणले,
गुळगुळीत, देखणे, देव म्हणून मांडावेत असे.
दैवशालानं एकेक उचलून परत दिला.
"पाण्यातला धोंडा पोटात पाणी ठेवतो.
तापला की फुटतो."
हे माझ्याही पुस्तकात होतं.
पान सव्वीस, बारीक अक्षरात.

आधी पाणी, मग काडी.
दोन बादल्या भरून आल्याशिवाय तिनं पेटी उघडली नाही.
ओढण्या कमरेला. तहसीनची नायलॉनची,
तिनं पीठ मळायचं, जाळापाशी फिरकायचं नाही.
आणि रॉकेलची ती बाटली,
मी 'असू द्यावी' म्हणून पिशवीच्या तळाशी ठेवलेली,
तिनं न बोलता जीपपलीकडं नेऊन ठेवली.

पिठलं रटरटलं. मीठ दोघींनी टाकलं, दोन्ही वेळा.
मी विचारलं, कुणी शिकवलं गं एवढं?
"शिकवायला कशाला पायजे?
कारखान्यावर पाचटाची कोपी.
चुलीपासून हात लांबवला की भिंत, भिंतही पाचटाची.
आई-बाप फडात. मी चूल राखायची.
धाकटा झोळीत."
मग म्हणाली, "कोपी जळायला किती येळ लागतो ठाऊकाय?"
तव्यावरची भाकरी उलटायला आली होती.
तिनं उलटली.
"एवढाच."

झोळीचं मी विचारलं नाही.

रात्री भेंड्या संपल्या, जाळ बसला.
मुली चुलीवर माती लोटू लागल्या, तशी ती धावली.
"मातीखाली इस्तू झोपतो नुसता.
पहाटंच्या वाऱ्याला उठून बसतो."
पाणी ओतलं. फुस्स झालं, राख उडाली, सगळ्या खोकल्या.
काठीनं ढवळलं. पुन्हा पाणी. पुन्हा काठी.
मग उलट्या हातानं चाचपायचं,
आधी वरून, मग टेकवून.
तळहातानं का नाही?
"तळहात निबर असतो बाई. खोटं सांगतो."
बावीस उलटे हात. शेवटी माझा.

तीनच्या सुमाराला थंडीनं जाग आली.
चुलीपाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं.
मी बॅटरी मारली नाही.
"गार हाय," ती म्हणाली,
मी काही विचारलं नसताना,
आणि हात फ्रॉकला पुसून झोपायला गेली.

शिबिराच्या अहवालात
'मार्गदर्शक' या शब्दापुढं माझं नाव
आधीच टाइप होऊन आलं होतं.
शेऱ्याला जागा एका ओळीची.
मी लिहिलं:
पान चोवीस दुरुस्त करावं.
आधी वारा, मग पावलं.