विहीर पूर्वेला होती

हार्लिंगेनच्या वाचनालयात त्या संध्याकाळी
मी साठ खुर्च्या मांडल्या, माणसं आली नव्वद.
बंदरावरून असा वारा सुटला होता
की दार ओढून धरायला एक पोरगा उभा केला.
टेबलावर पुस्तक, चारशे अकरा पानं,
शेजारी वीत्स्के हालबर्समा, पाण्याचा ग्लास न उचलता.
सत्तेचाळीस साली आपली पोरं जावात गेली,
तिला तेव्हा पोलिसी कारवाई म्हणायचे,
त्यातली एक सकाळ तिने लिहिली होती.

इतिवृत्त माझ्याकडे.
वहीत मी उभी रेघ मारली :
डावीकडे आक्षेप, उजवीकडे पान क्रमांक.

पहिला उठला औषधवाला सिब्रँड.
बाईंचे आजोबा जर्मनांची पत्रं वाटायचे, म्हणाला,
घरातच हे, तर लेखणीत काय असणार?
टाळ्या.
पान क्रमांक? मी विचारलं. कुणाला ऐकू गेलं नाही.

तुम्ही तिथे होता का, दुसऱ्याने दरडावलं.
तो स्वतः त्रेपन्न सालचा.
मग एक बाई, हातमोजे न काढता :
म्हणजे माझे वडील खुनी, असंच ना?
पुस्तकात तिच्या वडिलांचं नावही नाही.
एका तुकडीबद्दल लिहिलंय मी, वीत्स्के म्हणाली.
तेच ते, बाई म्हणाली, सगळ्यांनाच खुनी म्हणताय.

आणि जपान्यांच्या छावण्या?
हा आवाज मागच्या भिंतीकडून.
छावणीत त्याचा भाऊ गेला होता, चार वर्षांचा.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
दुःख खरं होतं त्याचं,
फक्त वडाची ती साल
तो पिंपळाला लावून बघत होता,
आणि बसत नव्हती म्हणून रडत होता.

ग्रोनिंगेनहून आलेला एक विद्यार्थी उसळला :
एवढे चिडलात, म्हणजे पुस्तक खरंच असणार!
यावर मीही पेन ठेवून टाळी वाजवली.
नंतर वहीत पाहिलं.
त्याच्याही समोरचा रकाना कोराच.

सव्वानऊला खिडकीजवळचा येल्टे उभा राहिला,
कालव्यावरचा पूल उघडण्या-मिटण्यात ज्याचा जन्म गेला,
वय शहाण्णव, एक हात खुर्चीच्या पाठीवर.
पान दोनशे बारा, तो म्हणाला.
मी लिहिलं. उजवीकडचा पहिला आकडा.
विहीर पश्चिमेला लिहिली आहे. ती पूर्वेला होती.
सकाळी तिच्याकडे तोंड केलं की ऊन थेट डोळ्यांत.
मी हाताने ऊन अडवलं होतं, म्हणून आठवतं.

आणि संख्या? वीत्स्केने विचारलं, अगदी हळू.
एकतीस. बरोबर आहे.
तो बसला, बसायलाही त्याला वेळ लागला.

दारावरचा पोरगा दार धरायचं विसरला,
पुढच्या रांगेतले कागद उडाले.
ते गोळा करता करता सिब्रँडच आधी सावरला :
पाहिलंत? जिला पूर्व-पश्चिम कळत नाही
तिच्या आकड्यांवर काय विश्वास ठेवायचा?
आणि पुन्हा टाळ्या, थोड्या कमी.

वीत्स्केने तेवढ्यात पेन्सिल काढली होती.
पान शोधून तिने एक शब्द खोडला.

नव्वद खुर्च्या मी एकटीने रचल्या.
येल्टेची खुर्ची शेवटी उचलली,
पाठीवर त्याच्या तळव्याचा ओला ठसा होता.
इतिवृत्तात एवढंच गेलं :
दुरुस्ती एक. पान दोनशे बारा.
बाकी आक्षेपांना पान नाही.